आधी यंत्र बंद, मग हात

(यंत्रांमुळे पेरणी आणि लावणीचे कष्ट कमी झाले आहेत. ही यंत्रे कशी चालतात आणि त्यांच्याजवळ काम करताना कोणती दक्षता घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी, हिरकणीवाडी हे गाव आहे. गडावर जाणारा रोपवे येथूनच निघतो. वर जाताना खाली नजर टाकली, तर डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी खाचरे दिसतात. भात हे या भागाचे मुख्य पीक. उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी होते. जून महिन्यात रोपांसाठी बी पेरतात. जुलैमध्ये ती रोपे उपटून चिखलात लावतात. यालाच लावणी म्हणतात.

पूर्वी ही सारी कामे माणसे आणि बैल करत. घाटावर पेरणीसाठी पाभर किंवा तिफण असे. बैल पुढे चालत आणि मागून चाड्यावर मूठ धरून बी सोडले जाई. काही अडले, तर हाक मारताच बैल थांबत. यंत्राला मात्र कान नसतात. आपण संकटात आहोत, हे त्याला कळत नाही. शेतातील यंत्रांचे बरेचसे अपघात यामुळेच होतात.

ट्रॅक्टरला जोडायचे पेरणी यंत्र पाहा. त्याचे एक चाक जमिनीवर फिरते. ते साखळी फिरवते. साखळीमुळे बियाण्याच्या पेटीखालचे खाचांचे रूळ फिरतात आणि ठरावीक बी नळीतून फणामागे पडते. कधी ओली माती नळीत अडकते. बी पडेनासे होते. मागून चालणारा माणूस चालू यंत्रातच बोट घालतो आणि बोट साखळीत सापडते. म्हणून पहिला नियम असा : आधी यंत्र बंद, मग हात. नळी मोकळी करायची असेल, तर ट्रॅक्टर थांबवावा, यंत्र जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. उचललेल्या यंत्राखाली कधीही शिरू नये. यंत्राच्या फळीवर बसून किंवा उभे राहून जाऊ नये. एखादा धक्का बसला, तर माणूस थेट फणांपुढे पडतो.

काही यंत्रांना ट्रॅक्टरच्या मागील फिरता दांडा जोडतात. त्याला पी.टी.ओ. म्हणतात. तो साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. दांड्याचा घेर ११ सेंटिमीटर धरला, तर एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड त्याला गुंडाळले जाते. दोन मीटरची ओढणी अडकली, तर जेमतेम दोन सेकंद मिळतात. एवढ्या वेळात हाक मारणेही होत नाही. म्हणून या दांड्यावर संरक्षक आवरण असलेच पाहिजे. यंत्राजवळ जाताना ओढणी, पदर, मफलर, सैल बाह्या आणि मोकळे केस नीट आवरावेत.

हिरकणीवाडीसारख्या ठिकाणी खाचरे लहान असतात. तेथे मोठा ट्रॅक्टर वळत नाही. अशा खाचरांत चिखलणीसाठी पॉवर टिलर सोयीचा पडतो. माणूस त्याच्या मागे चालतो आणि त्याच्या पायांपुढेच रोटरीची पाती फिरत असतात. म्हणून रोटरी चालू ठेवून टिलर मागे घेऊ नये. मागे बांध असेल, तर माणूस बांध आणि पाती यांच्यामध्ये सापडतो.

उताराची एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. सपाट जमिनीवर डाव्या बाजूची क्लच दाबली, की डाव्या चाकाचे बळ तुटते आणि टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतार उतरताना मात्र याच्या उलट घडते. बळ तुटलेले डावे चाक मोकळे होऊन जोरात घरंगळते आणि टिलर उजवीकडे वळतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो घाबरून क्लच आणखी दाबतो आणि यंत्रासह खालच्या खाचरात जातो. म्हणून उतरताना गिअर कमी ठेवावा, क्लच न दाबता दांडी हातांनी वळवावी. बांध ओलांडताना रोटरी बंद करावी आणि बांध तिरका न ओलांडता सरळ ओलांडावा.

भात लावणी यंत्राची लोखंडी बोटे रोपे उचलून चिखलात खोवतात. त्यांत दगड किंवा मुळे अडकली, तरी पहिला नियम तोच.

धोका केवळ लोखंडात नसतो. काही बियाण्यांना कीड व रोग लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेले असते. असे बी बहुधा लाल किंवा गुलाबी दिसते. ते हातमोजे घालूनच पेटीत भरावे, नंतर साबणाने हात धुवावेत. उरलेले बी खाऊ नये, कोंबड्यांना घालू नये. त्याच्या पिशव्या ओढ्यात धुऊ नयेत.

पूर्वी मळणी यंत्रात हात सापडून अनेकजण अपंग झाले. त्यामुळे १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी कायदा झाला. रस्त्यावर ट्रॅक्टर चालवण्याचा परवानाही वयाच्या अठराव्या वर्षाआधी मिळत नाही. पण प्रत्येक खाचरात कायदा उभा राहू शकत नाही. तेथे आपणच सावध राहिले पाहिजे. लहान भावंडांना चालत्या यंत्रापासून दूर ठेवणे आणि वडीलधाऱ्यांना अदबीने आठवण करून देणे, एवढे तर तुम्ही नक्कीच करू शकता.

पावसाची घाई सर्वांनाच असते. यंत्र थांबवायला एक मिनिट लागते. पेरणी साधली नाही, तर दुबार पेरणी करता येते. तुटलेला हात मात्र दुबार उगवत नाही.

शब्दार्थ
दक्षता – खबरदारी, एहतियात
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
वरकस जमीन – डोंगरउताराची हलकी जमीन
चाडे – पाभरीवरील बी सोडण्याचे लाकडी भांडे
दुबार – दुसऱ्यांदा, दोबारा

स्वाध्याय
१. बैल आणि यंत्र यांच्यात लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
२. कारणे लिहा : पॉवर टिलर उतरवताना क्लच दाबू नये.
३. तुमच्या परिसरात वापरल्या जाणाऱ्या एका यंत्राची माहिती घ्या आणि ते वापरण्याचे पाच नियम लिहा.