रक्ताची साक्ष

लखनौचा चौक ओलांडून गोमतीच्या दिशेने निघाले, की किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या घुमटांच्या इमारती दिसू लागतात. १९०५ साली येथे कोनशिला बसली आणि १९११ साली महाविद्यालय सुरू झाले. तेथील लारी हृदयरोग केंद्राच्या दाराशी रात्री-अपरात्री सीतापूर, बाराबंकीकडची माणसे येऊन उतरतात. प्रत्येकाची तक्रार एकच: छातीत कळ आली. कळ एकच असली, तरी तिचे कारण एकच असते असे मात्र नाही.

आमच्या कचेरीतील एका बडे बाबूंची हकीकत सांगतो. इकडे हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात. जूनच्या उन्हाळ्यात त्यांना दम लागून छातीत दुखू लागले. एका रुग्णालयात नेले. रक्तात ट्रोपोनिन वाढलेले निघाले. नातलग म्हणू लागले, ‘रक्त पातळ करण्याचे औषध ताबडतोब द्या.’ तरुण डॉक्टरांनी मात्र त्यांची पापणी खाली ओढून पाहिली. आतून ती पांढरीफटक होती. शौचास काळे होते काय, असे विचारता बाबू संकोचून ‘हो’ म्हणाले. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण पडला होता आणि त्यातून रक्त झिरपत होते. अशा माणसाचे रक्त आणखी पातळ केले असते तर! त्यांना रक्त चढविण्यात आले व ते वाचले.

श्रोतेहो, ट्रोपोनिन हे स्नायूतील एक प्रथिन. जपानी शास्त्रज्ञ एबाशी यांनी १९६५ साली त्याचा शोध लावला. हृदयाच्या पेशी मरू लागल्या, की त्यांतील ट्रोपोनिन रक्तात उतरते. तो झाल्या नुकसानीचा पंचनामा होय. आग कोणी लावली, हे पंचनाम्यात येत नाही. २००७ साली हृदयविकाराच्या झटक्याची जी सर्वमान्य व्याख्या ठरली, तिने त्याचे पाच प्रकार मानले. पहिल्या प्रकारात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीतील मेदाचा थर फुटतो व त्यावर गुठळी धरते. दुसऱ्यात गुठळी नसते. रक्तक्षय, अतिजलद ठोके, तीव्र जंतुसंसर्ग अशा कारणांनी हृदयाची गरज आणि त्याला मिळणारा प्राणवायू यांचा मेळ बसत नाही. बाबूंचा झटका या दुसऱ्या प्रकारचा होता.

हा भेद रक्तच सांगेल काय, या प्रश्नापाशी जनुके येतात. जनुक म्हटले की आपण आनुवंशिकता समजतो. आणि रायबरेली मार्गावरील संजय गांधी संस्थेत त्या शास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. पण वारसा जन्माच्या दिवशी जो असतो, तोच झटक्याच्या दिवशीही असतो. येथे पाहावयाचे ते निराळे. सरकारी दप्तरखान्यात सगळ्या फाइली असतातच; आज कोणत्या फाइली मागविल्या गेल्या, यावरून कचेरीत काय चालले आहे ते कळते. पेशीही जरुरीप्रमाणे जनुकांच्या नकला काढते. त्या नकला म्हणजे आरएनए. रोहिणीत थर फुटला, की रक्तातील श्वेतपेशी खवळतात आणि त्यांच्या नकलांचा संच बदलतो. गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट्सना तर केंद्रकच नसते. तरीही अस्थिमज्जेतील मातृपेशीकडून मिळालेल्या नकला त्यांच्याजवळ असतात. या दोहोंच्या नकला मोजून झटक्याचा प्रकार ओळखावा, अशी ही कल्पना आहे.

अडचण उघड आहे. श्वेतपेशी जंतुसंसर्गानेही खवळतात, आणि जंतुसंसर्ग हेच दुसऱ्या प्रकाराचे एक कारण! शिवाय स्नायू मरू लागला, की त्यामुळेही त्या चाळवतात. म्हणून एका जनुकावर भिस्त ठेवून भागत नाही. अनेकांचा एकत्रित नमुना पाहावा लागतो, आणि तोही रुग्ण खाटेवर तळमळत असताना, तासाभरात. आजमितीस ही तपासणी संशोधकांच्या प्रयोगशाळेतच आहे. खाटेपाशी निर्णय होतो तो कार्डिओग्राम, पुन्हापुन्हा मोजलेले ट्रोपोनिन, गरज पडल्यास रोहिणीचे चित्रण आणि डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न यांवरच.

बडे बाबू आता लोहाच्या गोळ्या घेतात. वेदनाशामक गोळ्यांची पुडी त्यांच्या सुनेने कुलुपात ठेवली आहे, आणि गुडघे दुखले की ते तिच्याशी भांडतात.