पाच फुटी पाणबाग

फिशटँक घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी मासे बघतो. झाडं लावलेली मोठी टाकी करायची तर क्रम उलटा: आधी पाणी, मग झाडं, मासे सगळ्यात शेवटी. मोठी टाकी सांभाळायला सोपी, असं दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं. पाणी जास्त असलं की तापमान आणि क्षार सावकाश बदलतात, लहानसहान चुका पचतात. पण पाचशे लिटर पाणी बिघडलं की ते सावरायलाही तेवढाच वेळ घेतं. त्यामुळे बिघाड दिसू लागण्याआधीच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत.

वजन

पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी म्हणजे वीस घनफूट, सुमारे ५६५ लिटर. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून वजन ७०० किलोंच्या पुढे जातं, तेही एका चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. भारतीय मानकात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. हा हिशोब सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे टाकी ठेवल्याबरोबर काही कोसळत नाही. तरी ती खोलीच्या मधोमध नको. बीमवर, भिंतीलगत ठेवावी आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं.

नळ, बोअर की टँकर

मुंबई-पुण्याच्या नळाला धरणात साठलेलं पावसाचं पाणी येतं, त्यात क्षार कमी असतात. बोअरचं पाणी खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. बादलीवर बसणारा पांढरा थर त्याचाच. नाजूक झाडं मऊ पाण्यात खुलतात. जड पाण्यात व्हॅलिसनेरिया मात्र मजेत पसरते, कारण तिला बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो. बोअरचं पाणी मऊ करण्यासाठी आरओतून शेकडो लिटर वाया घालवण्यापेक्षा त्या पाण्याला मानवणारी झाडं निवडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याला अँटीक्लोरीन म्हणजे सोडियम थायोसल्फेट लागतं. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळं निघू शकतं. टीडीएस मीटर बुडवून बघितल्याशिवाय ते टाकीत ओतू नये.

सहा आठवड्यांचा धीर

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजकी पानं यांतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, शिवाय झाडांचं खत. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. पहिल्या दिवसापासून दाट झाडं लावली तर तीही अमोनिया ओढून घेतात. तरी टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासे आणू नयेत. पुढे स्पंज धुतानाही तो नळाखाली धरू नये, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. क्लोरीनने ती वस्ती मरते.

याच दिवसांत नव्या झाडांची पानं सडतात आणि लोक घाबरून झाडंच फेकून देतात. नर्सरीत यातली बरीच झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत. सडलेली तेवढी खुडावीत. काही आठवड्यांत पाण्यात तगणारी पानं फुटतात.

उजेड आणि कार्बन डायऑक्साइड

शेवाळ वाढलं की पहिला संशय उजेडावर घ्यावा. उजेड वाढवला की झाडांची भूक वाढते: कार्बन, नायट्रोजन, पोटॅशियम, लोह. यातलं एक जरी कमी पडलं तरी वाढ अडते आणि शेवाळाचं फावतं. नव्या टाकीत दिवसाला सहा तास, फार तर आठ तास दिवा पुरे, तोही टायमरवर. खिडकीचं ऊन नकोच.

खरी उणीव बहुतेकदा कार्बनची निघते. उघड्यावरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा-एक मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. गालिच्यासारखी पसरणारी किंवा लालभडक झाडं हवी असतील तर तो २० ते ३० मिलिग्रॅम लागतो, आणि तेव्हा सिलिंडरला पर्याय नाही. गॅस दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिव्याआधीच बंद व्हावा. ड्रॉप चेकर निळा दिसला तर गॅस कमी, हिरवा योग्य, पिवळा जास्त. मात्र तो तास-दोन तास मागची स्थिती दाखवतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले की रंगाची वाट न बघता व्हॉल्व्ह बंद करावा आणि एअर पंप लावावा. दगडांवर, पानांच्या कडांना दाढीसारखं काळं शेवाळ आलं तर गॅस रोज कमी-जास्त होतोय का, ते आधी तपासावं.

हा सगळा खटाटोप टाळताही येतो. वाळूखाली मातीचा थर, मंद उजेड, थोडे मासे आणि सिलिंडर नाही, ही पद्धत अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात सविस्तर मांडली. पहिल्याच मोठ्या टाकीसाठी मी हीच सुचवेन: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन. वाढ संथ असते, पण डोक्याला ताप नाही.

पानं वाचणं

नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम. गरज पडली की झाड नायट्रोजन आणि पोटॅशियम जुन्या पानांतून काढून कोंबांना देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून त्याची टंचाई शेंड्याला दिसते. सिलिंडरच्या टाकीत दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलावं. निम्मं म्हणजे वीस लिटरच्या तेराएक बादल्या. त्यापेक्षा लांब पाइप घ्यावा.

एप्रिल-मे

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. रात्री झाडंही श्वसन करतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. पृष्ठभागावर पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंश उतरतं. बाष्पीभवनात पाणी उडतं, क्षार मागे राहतात; म्हणून वरची भर आरओच्या पाण्याने घालावी. लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात. वीज आल्यावर आतलं पाणी ओतून मगच तो सुरू करावा.

मासे

टेट्रा, रासबोरा यांचे थवे झाडांत शोभतात. गोल्डफिश झाडं खातो, त्याला वेगळी टाकी द्यावी. शेवाळ खाणारी कोळंबी या छंदात आणली ती जपानच्या ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी, आज ती त्यांच्याच नावाने विकली जाते. ‘मिस केरळ’ हा लाल-काळ्या पट्ट्यांचा मासा पश्चिम घाटातला, त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव सह्याद्रीवरूनच ठेवलंय. नदीतून बेसुमार पकडल्यामुळे तो संकटात आहे. घ्यायचाच असेल तर पैदास केलेला मागावा. कासच्या पठारावरचा वायतुरा उपटून आणायचा विचारही नको. छाटलेली झाडं ओढ्यात टाकू नयेत. नद्या झाकणारी जलपर्णीही फुलांसाठी आणलेली परदेशी शोभेची वनस्पतीच होती.

गावाला जाताना

आठवडाभर खाणं मिळालं नाही तरी धडधाकट मोठे मासे तग धरतात. शेजारच्या काकूंकडे किल्लीबरोबर खाण्याचा डबा सोपवला तर त्या मायेने मूठभर टाकतात आणि परत येईपर्यंत पाणी दुधाळ झालेलं असतं. फारच वाटलं तर दिवसाआड एक अशा चिमूटभर खाण्याच्या पुड्या बांधून द्याव्यात, वर वार लिहून, आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावावं.