सफरचंद टिकतं, आळ जनुकांवर

सप्टेंबरात तोडलेलं काश्मीरचं सफरचंद एप्रिलमध्ये मॉलमध्ये मांडलेलं दिसतं. घरी आणून कापलं तर करकरीत. मग कुणीतरी म्हणतंच, ‘‘हे नक्की जीएम!’’ म्हणजे जनुकांत बदल करून घडवलेलं.

गैरसमज : मॉलमधली चकचकीत फळं जीएम असतात.
वस्तुस्थिती : भारतात व्यापारी लागवडीसाठी शेतकऱ्यांच्या हाती अधिकृतपणे आलेलं जीएम पीक एकच, २००२ साली मंजूर झालेला बीटी कापूस. बीटी वांगं २०१० मध्ये स्थगितीत अडकलं. फळांपैकी एकालाही परवानगी नाही. परदेशी सफरचंद, पपई, अननस यांच्यासोबत २०२१ पासून ‘जीएम नाही’ असा दाखला लागतो.

गैरसमज : सहा महिने टिकलं, म्हणजे जनुकांत ढवळाढवळ झाली.
वस्तुस्थिती : ही करामत सीए, म्हणजे नियंत्रित हवेच्या शीतगृहाची. तिथे तापमान शून्याच्या आसपास ठेवतात आणि हवेतला २१ टक्के ऑक्सिजन साधारण १ ते ३ टक्क्यांवर आणतात. फळाचा श्वास मंदावतो, पिकणं लांबतं.

गैरसमज : नखाने खरवडल्यावर मेण निघतं, तीच जीएमची खूण.
वस्तुस्थिती : सफरचंदाच्या सालीवर मुळातच मेण असतं. धुताना ते काही अंशी निघून जातं, म्हणून पुष्कळदा कार्नौबा पामच्या पानांचं मेण किंवा लाख यांचा पातळ लेप देतात. त्याने ओलावा टिकतो.

गैरसमज : बिनबियांचं फळ म्हणजे जीएम.
वस्तुस्थिती : नाशिकच्या बागांतली थॉमसन द्राक्षं वेलीतल्या नैसर्गिक बदलातून आली, कलमांनी पसरली. बिनबियांचं कलिंगड संकरातून येतं.

गैरसमज : जीएम फळ सडतच नाही.
वस्तुस्थिती : अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेलं ‘आर्क्टिक’ सफरचंद कापल्यावर तपकिरी पडत नाही, कारण त्यात रंग बदलणारं विकर जवळजवळ तयारच होत नाही. पण काळं पडणं वेगळं आणि सडणं वेगळं. बुरशी त्यालाही लागते. हवाईची ‘रेनबो’ पपई १९९८ मध्ये आली ती विषाणूशी झुंजायला. जास्त टिकावा म्हणून घडवलेला ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटो १९९४ मध्ये अमेरिकी बाजारात आला आणि काही वर्षांतच गुंडाळला गेला.

ताजेपणाची शंका असेल, तर तोडणी कधीची ते विचारा. स्टिकरवर तारीख नसते, देश मात्र पुष्कळदा असतो. काश्मीर-हिमाचलचा मुख्य हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, न्यूझीलंडचा फेब्रुवारी ते मे. फळाचं वय बोटांवर मोजता येतं.