लार्ड, तूप आणि करंजीचं मोहन

ब्रिटनमधल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात लोण्याच्या शेजारी कागदात गुंडाळलेली एक स्वस्त, पांढरी वडी दिसते. नाव लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. आपल्यातले बरेच जण 'ई!' म्हणून पुढे जातात. खायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या धर्माचा आणि आवडीचा प्रश्न. पण ती समजून घेतली तर आपल्या तुपाबद्दलही बरंच कळतं.

कृती तर ओळखीचीच आहे. लोणी कढवलं की पाणी उडतं, बेरी तळाशी बसते आणि तूप गाळून घेतात. डुकराची चरबीही अशीच मंद आचेवर कढवून गाळतात. गार झाली की थिजते. मेल्टन मोब्रेच्या पोर्क पायचं कवच, विल्टशरचा लार्डी केक, सगळं तिच्याच जिवावर. तिथे तिचं काम मोहनाचं. पिठाच्या कणांवर स्निग्ध थर बसला की ग्लुटेनचे लांब धागे बनत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. करंजीतही हेच घडतं.

आता तब्येतीचं. १०० ग्रॅम लार्डमध्ये संपृक्त मेद, म्हणजे लेबलवरचे 'सॅच्युरेट्स', साधारण ४० ग्रॅम असतात. लोण्यात सुमारे ५०, तुपात ६० च्या आसपास, खोबरेल तेलात तर ८५ च्या पुढे. मग लार्ड 'हेल्दी' झालं का? नाही. संपृक्त मेदाने रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं. त्याच्या जागी रेपसीड, सूर्यफूल, शेंगदाणा अशी तेलं आली तर हृदयविकाराचा धोका कमी होतो. म्हणजे या हिशेबात लार्ड तुपापेक्षा उजवं, पण तेलांपेक्षा डावंच.

एनएचएसचा सल्ला असा: दिवसाला स्त्रियांनी २० आणि पुरुषांनी ३० ग्रॅमपेक्षा जास्त संपृक्त मेद खाऊ नये. १५ ग्रॅमचा एक मोठा चमचा तूप म्हणजे जवळपास ९ ग्रॅम. दोन चमच्यांत बाईचा दिवसाचा कोटा संपत आला! त्यात ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त. 'अगं, घरचं साजूक आहे' हे आजीचं म्हणणं प्रेमाचं, पण रक्तवाहिन्यांना ते कळत नाही. वरणभातावर चमचाभर घ्या की. रोजच्या फोडणीला मात्र तेल बरं.

आणि लार्ड टाळायचं असेल, तर लेबल पूर्ण वाचा. ठळक अक्षरांत फक्त ॲलर्जीचे घटक छापतात. लार्ड त्यांत येत नाही. चिप्स घेतानाही त्या कशात तळल्यात ते विचारा, कारण यॉर्कशरमध्ये अनेक ठिकाणी त्या गाईबैलाच्या चरबीत तळतात.