देवरूखचे जुने चिरेबंदी घर: स्लॅब टाकण्याआधी हे वाचा

मुंबई-पुण्यात राहून गणपती-शिमग्याला देवरूख गाठणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे एक प्रश्न असतो. आजोबांनी 1950-60च्या सुमारास बांधलेले चिऱ्याचे कौलारू घर पाडायचे की सावरायचे? गळती, वाळवी आणि माकडे या तिघांना वैतागलेल्यांना मग मधला मार्ग सुचवला जातो: भिंती ठेवा, वर स्लॅब टाका. सर्वांत धोक्याचा पर्याय हाच.

स्लॅब का नको?

लाकडी रिपांसह मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण 65 किलो भरते. पाच इंची स्लॅबचे 300 किलोंच्या वर. मातीत किंवा चुन्यात रचलेली जांभ्याची भिंत पहिला भार पेलण्यासाठी बांधलेली असते, दुसरा नव्हे. स्लॅब हवाच असेल तर स्वतंत्र पाया आणि कॉलम घ्यावे लागतात. म्हणजे खर्च जवळपास नव्या घराचाच. शिवाय कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, स्लॅब मात्र रात्रीपर्यंत तापलेला राहतो.

ओल का वाढते?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की ही वाट बंद होते. ओल भिंतीतच अडकते, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि घरमालक पुन्हा सिमेंटच मारतो! उपाय उलटा आहे: सुटलेले सिमेंट काढायचे, चुन्याचा गिलावा करायचा. त्याआधी घराभोवतीचे पाणी वाहून जाते का ते पाहायचे. वळचणीच्या पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत असतील तर कुठलाच गिलावा टिकणार नाही.

वाळवीही ओलीच्या मागे येते. म्हणून वासे आणि भालांची जी टोके भिंतीत शिरतात, ती आधी तपासावीत. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आत पोखरलेले आहे. पण टोक गेले म्हणून पूर्ण भाल काढायची गरज नसते. कुजलेला भाग कापून तिथे नवे लाकूड सांधता येते. त्यासाठी जाणता सुतार हवा.

माकडांचे काय?

वर्षाला शाकारणी करूनही माकडे कौले फोडतात, म्हणून अनेकांनी थेट पत्रा घातला. तक्रार खरी आहे. पण कौले उतरवून, खाली पत्रा आणि त्यावर रिपा मारून तीच कौले पुन्हा चढवता येतात. कौल फुटले तरी पाणी घरात येत नाही. पत्रा आणि कौलांमध्ये हवा खेळायला जागा सोडावी आणि वाढलेले वजन वाशांना झेपेल का, हे आधी पाहून घ्यावे. उतरवलेली धड कौले टाकून देऊ नयेत. मंगळुरात 1865 साली बासेल मिशनने सुरू केलेल्या कारखान्यातून रुळलेली ही खाचेची कौले एकमेकांत अडकतात, त्यामुळे एकेक बदलता येतात. मात्र वेगळ्या साच्याचे कौल नीट बसतेच असे नाही.

नव्या सोयी कुठे?

संडास-बाथरूम माजघरात घुसवण्यापेक्षा मागच्या पडवीला जोडावे. वायरिंगसाठी चिऱ्यात खाचा मारू नयेत, उघडे पाइप चालतात. ओटीवरचा लाल कोबा उखडून टाइल्स लावण्याचा मोह फार होतो. भेगा भरून, घासून तो पुन्हा चमकतो आणि खर्चही कमी येतो.

काम काढायचे तर दिवाळीनंतर लगेच. शिमग्यापर्यंत छप्पर मिटले पाहिजे, कारण मेअखेर वळवाच्या सरी सुरू झाल्या की उघड्या भिंतींचे हाल होतात. आणि त्याआधी एक बैठक भावंडांची. घर सामाईक असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्यावी, नगरपंचायतीत परवानगीचे विचारावे. बऱ्याच घरांचे काम चिऱ्यापायी नव्हे, याच टप्प्यावर अडते.