सनरूफ फुटलं? काच बदला, पण पन्हळ विसरू नका!

‘सनरूफ आहे का?’ सेकंड हँड गाडी बघायला गेल्यावर आपल्यातल्या अनेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. टायर, इंजिन, सर्व्हिसचा रेकॉर्ड वगैरे सगळं नंतर! २०१४ ची होंडा सिटी किंवा २०१५ ची एक्सयूव्ही ५००, यांच्या वरच्या व्हेरिएंट्समध्ये सनरूफ होतं. त्या गाड्या आता दहा वर्षांच्या झाल्यात. काही बाबांकडून आपल्याकडे आल्यात, काही आपण पैसे साठवून घेतल्यात. आणि एक दिवस झाडावरून नारळ पडतो, बिल्डिंगवरून प्लास्टरचा तुकडा पडतो, आणि डोक्यावरची काच खळ्ळकन खाली!

मग घरात चर्चा सुरू होते. ‘विकून टाका ती गाडी’, ‘वरून पत्रा ठोका’, ‘एम-सील लावून बंद करा.’ त्यात पाऊस तोंडावर आलेला. थांबा! फक्त काच फुटली असेल आणि खालची यंत्रणा धड असेल, तर काच घरी बदलता येते. दोन माणसं, एक सुटीचा दिवस आणि भरपूर पेशन्स एवढं मात्र हवं.

आधी पॉलिसी, मग पाना

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी इन्शुरन्सची पॉलिसी काढा. फक्त थर्ड पार्टी असेल तर विषय संपला, खर्च तुमचाच. पण कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर मात्र शून्य. म्हणजे गाडी जुनी असली तरी काचेचे पैसे जवळजवळ पूर्ण मिळू शकतात. सक्तीची वजावट तेवढी जाते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये.

मग क्लेम करायचाच का? इथे गणित करा. क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम ८ हजार आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. पुढच्या वर्षी तुम्हाला ४ हजार जास्त भरावे लागतील. त्यानंतर २०, २५, ३५, ४५ असं करत पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत चढत जायचं. काच स्वस्तात मिळत असेल तर क्लेम न करणंच परवडतं. महाग असेल तर क्लेम करा, पण मग सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही उचकटू नका, फक्त फोटो काढा. आणि पॉलिसी बाबांच्या नावावर असेल तर बोनसही त्यांचाच, त्यामुळे निर्णय त्यांना विचारून घ्या!

बटण दाबायचं नाही म्हणजे नाही

सनरूफची काच बहुतेक वेळा टफन्ड असते. ती फुटली की लांब धारदार सुळे होत नाहीत, खडीसाखरेसारखे बारीक खडे होतात. ते सीटवर सांडतात तसे काच सरकते त्या पट्टीतही जाऊन बसतात. अशा वेळी ‘बघू बंद होतंय का’ म्हणून बटण दाबलं की खडे आतल्या केबलमध्ये आणि गिअरमध्ये चिरडले जातात. मग हजारांतलं काम थेट काही पटींत जातं. म्हणून आधी सनरूफचा फ्यूज काढून ठेवा. कोणता फ्यूज कशाचा, हे बहुतेक गाड्यांत फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

मग जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क. मोठे तुकडे हाताने उचला, बाकीचं व्हॅक्यूम क्लिनरने ओढून घ्या. पट्ट्या, कोपरे, रबराच्या खाचा, सगळं. फडक्याने पुसत बसू नका, काच फडक्यात अडकते आणि गाडीचा रंग ओरखडते. नवी काच येईपर्यंत वरून जाड प्लास्टिक टाका आणि मास्किंग टेपने चिकटवा. खाकी पॅकिंग टेप उन्हात तापला की त्याचा गोंद रंगावरून निघता निघत नाही.

काच कोणती घ्यायची?

आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन अधिकृत डीलरच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि फक्त काचेचा पार्ट नंबर मागा. तुम्हाला आख्ख्या असेम्ब्लीचा भाव सांगितला जाऊ शकतो. तेव्हा ‘काच वेगळी मिळते का?’ हे स्पष्ट विचारा. दुसरा पर्याय म्हणजे जुने पार्ट्स. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यासाठी प्रसिद्ध आहे. जुनी काच घेताना चारही कडा बोटाने नव्हे, डोळ्यांनी तपासा. टफन्ड काचेची कड हा तिचा कच्चा दुवा असतो, तिथे टवका उडालेला असेल तर ती काच सोडून द्या. कडेचं रबर फाटलेलं नको. कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि ‘आयएस २५५३’ हा सेफ्टी ग्लासचा क्रमांक दिसतोय का बघा.

बसवताना घाई नको

आतला सरकता पडदा मागे घ्या. काचेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या अलगद निघतात. त्यांच्या मागे प्रत्येक बाजूला दोन-तीन स्क्रू असतात, बहुतेक स्टार बिटचे. जुन्या काचेची चौकट सोडवताना एकाने आतून वर ढकलायचं, दुसऱ्याने बाहेरून उचलायचं. छपरावर जुनी चादर आधीच अंथरून ठेवा.

नवी काच ठेवली की सगळे स्क्रू आधी हातानेच, सैल लावा. मग लेव्हल. पुढची कड छपराच्या बरोबरीत किंवा अगदी केसभर खाली, मागची बरोबरीत किंवा केसभर वर. पुढची कड वर राहिली तर ८० च्या स्पीडला शिट्टी ऐकू येते. रबर नीट दाबलं जातंय का हे बघायला कागदाची पट्टी मध्ये धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना सारखीच घट्ट लागली पाहिजे. मग स्क्रू पक्के करा, पण ताकद दाखवू नका.

फ्यूज परत लावल्यावर मॅन्युअल बघून सनरूफ रीसेट करा. बऱ्याच गाड्यांत बटण काही सेकंद धरून ठेवावं लागतं. त्यातून मोटरला काच कुठे सुरू होते, कुठे थांबते हे कळतं. मध्ये काही अडकलं तर काच मागे घेणारी सोय काही गाड्यांत असते, तीही त्यावरच चालते. ती चालते का हे बोट घालून तपासण्याचा हिरोपणा नको!

आता खरी परीक्षा : पन्हळ

काच बसली म्हणजे काम संपलं असं वाटतं. पण सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, आणि त्याने ते अडवावं अशी अपेक्षाही नसते. कोकणातल्या कौलारू घराला पन्हळ असते ना, तसंच इथे आहे. रबरातून झिरपलेलं पाणी काचेभोवतीच्या ट्रेमध्ये पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली जातं. पुढच्या नळ्या विंडशील्डशेजारच्या खांबातून उतरतात, मागच्या मागच्या खांबातून.

दहा वर्षांत या नळ्यांमध्ये धूळ, पानं आणि आता काचेचे खडेही साचलेले असतात. पाण्याला वाट मिळाली नाही की ते आत उतरतं. कार्पेट भिजतं, वास येतो, पायाखालच्या वायरिंगला गंज लागतो. म्हणून सनरूफ उघडा आणि प्रत्येक कोपऱ्यात हळूहळू एक कप पाणी ओता. ते थोड्या वेळात गाडीखाली, चाकांच्या आसपास टपकायला हवं. टपकत नसेल तर मासेमारीची जाड नायलॉन दोरी हलक्या हाताने नळीत सरकवा. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जोरामुळे नळी आतल्या आत जोडापासून सुटू शकते. आणि सिलिकॉन किंवा एम-सीलने कडा बुजवू नका. त्याने पन्हळही बुजते आणि पुढची दुरुस्तीही अशक्य होते.

कुठे थांबायचं?

काच तिरकी सरकते, मोटर कुरकुरते, केबल तुटली आहे, तर तिथेच थांबा. त्यासाठी छताचं आतलं अस्तर उतरवावं लागतं आणि कडेच्या कर्टन एअरबॅगशी संबंध येतो. पॅनोरमिक सनरूफची चिकटवलेली काच, तेही घरचं काम नाही. आणि जिथे कंपनीने सनरूफ दिलंच नव्हतं, त्या गाडीचं छप्पर कापून ते बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतं.

पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की पुढची दोन्ही मॅट उचला आणि खालचं कार्पेट हाताने दाबून बघा. कोरडं लागलं तर मित्रांना लाँग ड्राइव्हला बोलवायला हरकत नाही. ओलसर लागलं तर काचेला दोष देऊ नका, पुन्हा नायलॉनची दोरी घ्या आणि नळ्यांपासून सुरुवात करा!