बाळंतिणीचं दुखणं आणि योग

मंडळी, बाळंतीण ‘कंबर दुखते’ म्हणाली, की आपल्या बीबीत काय, कुठंही उत्तर एकच: ‘होतंच असं, सोस.’ पण पतंजलींच्या व्याख्येत आसन स्थिर हवं, तसंच सुखकरही हवं. म्हणजे दुखणं सोसणं हा योग नव्हे. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योग प्रयोगशाळेत तपासला. तोच विवेक इथंही हवा. योग पूरक आहे, औषधाऐवजी नाही. आधी संथ श्वसन, पावलांची हालचाल, लघवी रोखताना आवळतात ते स्नायू हलके आवळणं-सोडणं. सिझेरियन असेल तर पुढची आसनं डॉक्टरांना विचारूनच. ताप, जास्त रक्तस्राव, पोटरीला सूज असेल तर थेट दवाखाना गाठा. आणि घरच्यांनो, रोज पंधरा मिनिटं बाळ तुम्ही घ्या. तिला मोकळा श्वास घेऊ द्या.